देशाच्या कामातली सुट्टी

तामलवाडीच्या टीव्ही कारखान्यात श्रावस्ती स्क्रू आवळायच्या कामाला होती. फेब्रुवारीत माहेरी धाकट्या भावाचं लग्न निघालं, म्हणून ती मालकांकडं चार दिवसांची रजा मागायला गेली.

"अगं, आपण अस्सल देशी टीव्ही बनवतो," कृष्णराजसाहेब म्हणाले. "देशाच्या कामात रजा कसली मागतीस?"

देशाचंच नाव निघाल्यावर ती तशीच माघारी फिरली. "हळदीला जमायचं न्हाय, आई," तिनं रडवेल्या आवाजात फोनवर सांगितलं.

लग्नाच्या आठवड्यात मात्र साहेबांनी आपणहून सगळ्यांना पंधरा दिवसांची सुट्टी देऊन टाकली. श्रावस्ती हरखून गेली. "साहेब, आन् देशाचं काम?"

साहेबांनी घसा खाकरला.



"चीनमध्ये नव्या वर्षाचा सण लागलाय. तिथनं सुटे भाग आल्याबिगर आपण बनवणार काय?"