आमटीतली गोळी

धैर्यशील दुकानात बसल्या-बसल्या असा झोपला की हलवूनही उठेना. दवाखान्यात आणलं तेव्हा श्वास मंदावला होता. तो शुद्धीवर आल्यावर त्याच्यावर मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याच्या आईला आणि बायकोला बाहेर गाठलं.

"माझ्या गोळ्यांसोबत दुसरं काय घेतात ते? असली औषधं एकत्र झाली की जिवावर बेततं."

"दुसरं कुठलं? तुमचीच घेत न्हाय त्यो," आई म्हणाली. "मी काय येडा हाय का, म्हणतोय."

बायको खाली बघत म्हणाली, "मी देते की. कुटून आमटीत घालते. तिखटापुढं कडू कळत न्हाय."

"अगं बया! मग मला सांगायचं की! मी माझी झोपंची गोळी त्याच्या दुधात घालतीया."

"तुमी तरी कुठं सांगितलंसा, आत्याबाई?"

डॉक्टरबाई कपाळाला हात लावून आत गेल्या. "धैर्यशील, खरं सांगा. लपून काही घेता का?"

त्यानं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "घेतो की. तुमच्यासारख्याच गोळ्या गडहिंग्लजच्या डॉक्टरकडनं आणतो. कोल्हापुरात कोणबी वळखतंय."

"अहो, मग घरी सांगायचं ना!"

"नको मॅडम. त्या दोघी लई सरळ हायत. आपल्या घरात कोण असं चोरून औषध घेतंय, हे त्यास्नी सहन व्हायचं न्हाय."