तांबड्या शाईची रेघ

दुरुस्तीसाठी अणुभट्टी बंद करून स्टीम जनरेटर उघडला, तेव्हा आतल्या त्रेचाळीस नळ्या आधाराच्या पट्ट्यांवर घासून कागदासारख्या झालेल्या निघाल्या. आत जाणारं पाणी हिसके देत होतं आणि त्या हिसक्यांनी नळ्या कित्येक महिने थरथरत होत्या. "तामोरेमामांना हे कळलं कसं नाही?" म्हणत बेहेरेसाहेबांनी तणतणत पाळीची नोंदवही मागवली.

जुने फिटर तामोरेमामा मूळचे कोळी; होडीत वल्ह्याला कान लावून पाण्यातले मासे ऐकावेत, तसे ते रोज जनरेटरला पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपला लोखंडी सळई टेकवायचे आणि तिचं दुसरं टोक कानाशी धरायचे. गेल्या सहा महिन्यांच्या पानांवर त्यांचा एकच शब्द होता, 'ठीक'. त्याआधीच्या पानावर मात्र लिहिलेलं होतं, 'पाण्याला धाप लागते.' त्या ओळीवर तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात शेरा, 'मीटरवर आकडा असेल तरच लिहावे.' खाली सही बेहेऱ्यांचीच. त्या दिवशी सगळ्यांसमोर ते हसत म्हणालेही होते, "मामा, ही काय तुमची होडी आहे?"

खराब नळ्या बुजवून भट्टी पुन्हा सुरू झाली, तेव्हा बेहेरे स्वतः सळई घेऊन मामांकडे गेले. "चुकलं माझं, मामा. जरा ऐकून सांगा, आता कसं वाटतंय?"

मामांनी सळई पाइपला टेकवली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग सळई पुसून त्यांनी ती साहेबांच्या हातात परत दिली आणि मीटरकडे बोट दाखवलं.

"आकडा ठीक आहे, साहेब."