एकही तक्रार नाही

"साहेब, सहा महिने तुम्ही झोपा काढल्यात!" नसीमानं भर बैठकीत सुनावलं.

रुग्णवाहिका बोलावायच्या सर्व्हरच्या कर्नलमध्येच, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच, भगदाड होतं. कुणी खोट्या संदेशांच्या पॅकेटांचा मारा केला, की सर्व्हर गुदमरायचा आणि रुग्णांच्या हाका बाहेर ताटकळायच्या. ती पॅकेटं दारातूनच हाकलणारी चार ओळींची दुरुस्ती तिनं कधीच लिहून, तपासून ठेवली होती. अडलं होतं ते साहेबांच्या सहीवर.

"अहो बाई, सहा महिन्यांत एक तरी तक्रार आली का?" साहेब हसले.

"तक्रारी येतात कुठं?"

"त्याच सर्व्हरवर की..." साहेबांचं हसू तिथंच थिजलं.

नसीमानं कागदावर पेन आपटलं. "मग पडलेल्या सर्व्हरवर माणसानं तक्रार करायची कशी? उत्तर द्या, नाहीतर सही करा!"