कोण हा निर्झर?

“पोरगं आहे की नळ?” बायकोने बाळासाठी निवडलेलं नाव ऐकून तो म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

बायको हसली नाही. मांडीवरच्या बाळाने तिचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. तेही तिने सोडवून घेतलं नाही. “निर्झर म्हणजे झरा,” ती शांतपणे म्हणाली. “नळ नव्हे.”

“तेच ते. दुपटी बघ किती ओली होतात. नाव शोभतंय खरं.”

कोपऱ्यात त्याची आई वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. अर्धी घडी तशीच टाकून ती उठली. दूध उतू जाईल, असं पुटपुटत स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर दूध नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्याने ही गंमत शेजारच्या शिंप्याला सांगितली. त्याचं स्वतःचं दुकान तसबिरींना चौकटी बसवायचं. शिंप्याच्या हातात काम नसलं की तो गळ्यात टेप तशीच ठेवून इथे येऊन टेकायचा. शिंपी पोटभर हसला. मग टेपेचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, “पण असली नावं हवेतून येत नसतात, मालक. कुणाची तरी असतात.”

हे ऐकताना तो हिरकणीच्या टोकाने काच कापत होता. हिरकणी रेघेवरून घसरली आणि काच नको तिथे तडकली.

झालं. डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्याचं स्वतःचं नाव असं, की भर बाजारात कुणी हाक मारली तर चारजण वळून बघतील. बायको ते घ्यायची तेही येताना भाजी आण म्हणून सांगायला. आणि हे नाव? हे ती बाळाच्या कानाशी लागून घेत होती. जपून, हळू, जशी कुणाची ठेव सांभाळावी तसं.

संध्याकाळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझ्या ओळखीत आहे का कुणी या नावाचं?”

“आहे ना एकजण.” तिच्या ओठांवर हसू होतं.

“कोण?”

“तू नाही ओळखत त्याला.” मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. “सांगेन रे. आत्ता नको. शब्द दिलाय कुणाला तरी.”

शब्द दिलाय. म्हणजे अजून बोलणं होतं तर.

तिच्या कॉलेजचा मोठा फोटो त्यानेच हौसेने चौकटीत बसवला होता. आता जाता-येता त्याची नजर त्यातल्या मागच्या रांगेवर अडायला लागली. एक कुरळ्या केसांचा मुलगा जरा जास्तच ऐटीत उभा होता. हाच असणार. बाळाच्या डोक्यावर मोजून चार केस, तरी अंघोळीनंतर ते कुठे वळतात का, हे त्याने वाकून बघून घेतलं. मग लाज वाटली स्वतःची, आणि राग आला बायकोचा. बाळ मात्र त्याच्याकडे बघून बोळकं उघडून हसलं. त्या हसण्यावरही त्याचा विश्वास बसेना.

नाव नोंदवायला जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने तोंड उघडलं. “उद्या मी बाबांचं नाव देणार आहे. निर्झरबिर्झर काही नाही.” त्याने भिंतीवरच्या बाबांच्या तसबिरीकडे बोट केलं.

बाळाला खांद्यावर घेऊन ढेकरेसाठी त्याची पाठ थोपटणारी बायको थबकली. तिने त्याच्याकडे नाही, सासूकडे बघितलं.

“तिच्याकडे काय बघतेस? मला सांग. कोण हा निर्झर? एवढा कोण लागून गेलाय?”

“आई, आता तरी सांगा,” बायको म्हणाली. “नाहीतर मला शब्द मोडावा लागेल.”

आईच्या हातात दुपटं होतं. ती त्याच्या कडा जुळवत राहिली.

“तिला काही बोलू नकोस. नाव माझं आहे,” ती म्हणाली. “शाळेत असल्यापासून मनात धरलेलं. एका बाळासाठी. बाळ झालं, मी सगळ्यांसमोर सांगितलं. तर त्याचे बाबा म्हणाले, पोरगं आहे की नळ? सगळे हसले. मग मीही हसले.”

तो एकुलता एक. या घरात दुसरं बाळ कधी नव्हतंच.

“ठेवलं ते नावही चांगलंच आहे. पण घरात कुणी नसलं की मी याच नावाने हाक मारायचे. बाळ लगेच वळून बघायचं. ते बोलायला लागलं तेव्हा सोडून दिलं. चारचौघांत बोलून बसलं असतं.” तिने घडी पुरी केली, वरून हात फिरवला. “हिला म्हटलं होतं, नाव ऐकून तो हसला नाही, तर मीच सांगेन त्याला. तू हसलास.”

तो खाली बसला. फोटोतला कुरळा कुठल्या कुठे गेला होता.

“एकदा म्हण ना,” तो म्हणाला.

आईने दाराकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. जुनी सवय. मग तसबिरीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली,

“निर्झर.”

बायकोच्या खांद्यावर बाळ कधीच झोपून गेलं होतं. ते हललंही नाही.

“ओ,” तो म्हणाला.