टाकीखालचा राउटर

"ताइता अबेलार्दो, सामना सुरू झाला की वरच्या आळीचं नेट तुम्ही मुद्दाम मारता का?"

झुलेमानं हे भर पंगतीत विचारलं. आज मिंगा, अख्खं गाव सकाळभर श्रमदानानं चर खणून नुकतं जेवायला टेकलं होतं. हे विचारायची पैज लावणाऱ्या तिच्या मैत्रिणी तामिया आणि रोसाउरा एकमेकींच्या पाठीआड लपल्या. आईनं झुलेमाला चिमटा काढला, पण प्रश्न तर तोंडातून निसटला होता! आणि तो विचारायलाच हवा होता. दर रविवारी सामन्याच्याच वेळी पोरींची परीक्षेची ऑनलाइन शिकवणी असायची आणि दर रविवारी मास्तर अर्धं तोंड उघडून पडद्यावर थिजायचे. परीक्षा तर तोंडावर आलेली.

गावाचं नेट गावानंच उभारलेलं, कारभार अबेलार्दोकडे. वडीलधारा म्हणून सगळे त्याला मानानं ताइता म्हणायचे. तो चिडला नाही. भाजलेला मका चघळत म्हणाला, "मी कशाला मारू? सामना मी एकदाच सोडतो, सगळ्यांसाठी. मल्टिकास्ट म्हणतात त्याला. पाण्याच्या टाकीखालचा राउटर तो प्रत्येक छपरावर ओततो. तुमच्याकडची वाट अरुंद. सामन्यानंच भरून जाते."

"आमच्या आळीत कुणी बघत नसलं तरी?"

"तरी."

"मग जो मागेल त्यालाच द्या ना!"

"शनिवारी शिकायला येतेस ना माझ्याकडे? चल, तूच दे. पण आज अंतिम सामना आहे, बये. बिघडलं तर खालची आळी आपल्या दोघांना त्याच चरात पुरेल."

मैत्रिणी शिकवणीला वर पळाल्या. झुलेमानं टाकीखाली बसून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ऐटीत नियम लिहिला: सगळ्यांसाठी सोडलेलं काहीही पुढे जाऊ द्यायचं नाही. फक्त सामना, तोही मागेल त्यालाच.

क्षणभर सगळं झकास. मग पडद्यावरच्या नकाशातले, घरोघरच्या राउटरांचे हिरवे ठिपके लाल व्हायला लागले. एक, दुसरा, अख्खं गाव!

चौकातून बोंब उठली. "कोणी बंद केलं रे?"

"त्या वरच्या आळीच्या पोरीनं! आणखी कोण?"

झुलेमा शेजारी बसलेल्या अबेलार्दोकडे वळली. "ताइता, सांगा ना!"

अबेलार्दो निवांत शेंगा सोलत होता. "सामन्याशिवाय आणखी कोण ओरडतं सगळ्यांना ऐकू जाईल असं?"

तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! राउटरच की! 'मी इथं आहे, तू आहेस का?' अशा हाका मारतात ना ते एकमेकांना! मी त्यांचंच तोंड बांधलं!"

तिनं तेवढ्या हाका मोकळ्या केल्या. ठिपके पुन्हा हिरवे झाले. चौकातून "गोऽऽल!" अशी आरोळी उठली आणि त्याच वेळी तामियाचा फोन आला.

"मास्तर हलतायत गं!"

"कसे दिसतायत?"

"थिजलेले बरे होते!"

अबेलार्दोनं गळ्यातली राउटरच्या पेटीची किल्ली काढली. "वरच्या आळीचा कारभार घेतेस, वर्षभर? रीत ठाऊक आहे ना? नवा कारभारी ज्या घरचा, त्या घरानं पुढच्या मिंगाला गावजेवण घालायचं. आधी घरी विचारून ये."

बोलणं संपायच्या आत किल्ली तिच्या गळ्यात होती. खाली ओढ्यावर आई-बाबा फावडी धूत होते. झुलेमा उतारावरूनच ओरडली,

"आई! बाबा! वरच्या आळीची कारभारीण झाले मी! पुढच्या मिंगाला अख्खं गाव आपल्याकडे जेवणार आहे!"