फुली मारली की बंद

लॅपटॉपवर चॅटचं ॲप टाकून झालं तरी ऋतुराजचं कौतुक संपेना. ब्राउझरमध्ये चॅट उघडायचं म्हणजे रोजची कटकट, असं तो बायकोला, सोनियाला, सांगत होता. दर वेळी फोन काढा, कोड स्कॅन करा, काम झालं की आठवणीनं लॉगआउट करा. ॲप एकदा टाकलं की झालं. स्वतः मात्र इतकी वर्षं तो ब्राउझरच वापरायचा आणि लॉगआउट केल्याशिवाय लॅपटॉप सोनियाच्या हातात द्यायचा नाही. ऑफिसच्या भानगडी असतात, म्हणायचा. तिनंही कधी खोदून विचारलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या आईचा, साळूबाईंचा, फोन आला. कन्नडहून त्यांची एसटी स्टँडवर पोचली होती. त्यानं ॲपवर फुली मारली, स्क्रीनवरची खिडकी गेली, आणि स्वारी गाडीची किल्ली घेऊन निघाली. फुली मारली की सगळं बंद, अशी गड्याची समजूत. शहाणाच म्हणायचा!

गारखेड्याच्या त्या फ्लॅटमध्ये सोनिया मुलांची ऑनलाइन शिकवणी घ्यायची. स्वतःचं मूल नव्हतं. सासूबाई दर खेपेला कुठल्या ना कुठल्या वैद्याचं औषध आणायच्या. काढे पिऊन पिऊन तिच्या तोंडाची चव गेली होती. भावकीतल्या बारशांना तिला बोलावणंही येत नव्हतं. तपासण्या दोघांच्याही झाल्या होत्या. रिपोर्ट आणायला ऋतुराज एकटाच गेला होता आणि माझं सगळं नीट आहे, असं सांगत परत आला होता. मग काय, दोष आपल्यातच, हे तिनं निमूट मान्य करून टाकलं.

आज ती त्याच लॅपटॉपवर शिकवणीची तयारी करायला बसली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात टुणकन एक चौकोन उमटला. नणंदेचा, श्रेयाचा, मेसेज. ऋतुराजला आलेला. खिडकी गेली तरी ॲप आत चालूच होतं.

"दादा, आई परत औषध घेऊन निघालीय. वहिनीला अजून किती पाजणार? दोष तुझ्यात आहे, रिपोर्ट मी पाहिलाय. आईला तरी खरं सांग."

सोनियानं चौकोनावर क्लिक केलं. सगळं चॅट समोर उघडलं. वर रिपोर्टचा फोटो होता, त्याच्या नावाचा, पहिल्या काढ्याच्याही आधीचा. तिला रडूही येईना, ओरडताही येईना. लग्नाकार्यात सगळ्या बायकांसमोर मान खाली घालून बसले ती मी, आणि हा बाबा शेजारी बसून लाडू खात होता! लॅपटॉप उचलून गॅलरीतून खाली टाकावा असं तिला वाटलं. मग सासूबाई आठवल्या. गुडघे धरून गावोगाव हिंडते ती म्हातारी. तिलाही यानं अंधारातच ठेवलं.

दार वाजलं. साळूबाई पाणी प्यायच्या आधीच पिशवीत हात घालून पुडी शोधू लागल्या. घाटातल्या एका म्हाताऱ्यानं दिलंय, लई गुणाचं हाय, दुधातून घ्यायचं, असं त्या सांगत होत्या. मागं ऋतुराज चपला काढत होता.

सोनियानं पुडी घेतली आणि नेऊन नवऱ्याच्या हातात ठेवली.

"आई, हे औषध ह्यांना पाजा. दोष ह्यांच्यात आहे. मला फसवलं, तुम्हालाही फसवलं ह्यांनी."

ऋतुराजचं तोंड पांढरंफटक पडलं. सोनिया सासूचा हात धरायला पुढं झाली. आता ही बाई कोसळणार, हिला सावरायला हवं, एवढंच तिच्या मनात होतं. साळूबाईंनी हात सोडवून घेतला आणि लेकाकडं बघितलं.

"हिला कळू द्यायचं नाय, असं ठरलं होतं नं आपलं?"