निनावी

"लेखकाचं नाव?" दिनानाथने पेनचं टोपण काढत विचारलं आणि शालूच्या तोंडाला कुलूप लागलं.

दिनानाथ पालघरच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. माणूस मदतीला तत्पर, पण थट्टेची खोड जबर. सातपाटीची एक मासळीवाली पायरीवर टोपली ठेवून आत आली आणि 'मासिकाला गोष्ट धाडायची हाय, पत्ता द्या' म्हणाली, तेव्हा तो आधी गडबडलाच. मग त्याने ती गोष्ट उभ्याउभ्या वाचून काढली. मासळी द्यायला लग्नघरात शिरलेल्या आणि गर्दीत वरमाय समजून पाटावर बसवल्या गेलेल्या बाईची गोष्ट. 'शांतता राखा' या फलकाखाली उभा राहून तो दोनदा खो खो हसला.

शालूला मासिकांचा नाद लागला तो सुकटीमुळे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ती सुकट-बोंबील घेऊन पालघरला येई आणि बांधून द्यायला गिऱ्हाइकांकडूनच जुनी मासिकं रद्दी म्हणून मागून घेई. सातवीपर्यंत शिकलेली. वाचल्याशिवाय पान फाडायला तिचा हात होईना. पण गोष्ट अर्धी वाचून होते न होते, तो तिचा शेवट सुकटीभोवती गुंडाळून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात निघालेला असायचा. मग उरलेली गोष्ट ती मनातच जुळवायची. जुळवता जुळवता एक दिवस पहिली ओळही तिचीच आली.

गेल्या पावसाळ्यात तिने एक गोष्ट मुंबईच्या मासिकाला धाडली होती. उत्तर नाही, कागद परत नाहीत. वर्षभर वाट पाहिली बिचारीने. रद्दीतल्या अंकावरचा पत्ता जुना असेल, असं समजून ती नवा मागायला आली होती; खरं कारण आज कळलं. दिनानाथने काढून दिलेल्या ताज्या अंकात पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत छापलं होतं: निनावी साहित्याचा विचार केला जाणार नाही. रद्दीतल्या अंकांची पहिली पानं नेहमी आधीच फाटलेली असत. आणि शालूने गोष्टीवर नाव घातलंच नव्हतं.

घालणार कसं? पूर्ण नाव लिहायचं तर मधे नवऱ्याचं नाव येतं. नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती, तिच्या घरातली कोणतीच सून घेत नव्हती. हाताने लिहिणं म्हणजेही घेणंच की. बरं, नुसतं शालू लिहावं, तर मुंबईच्या माणसाला काय कळणार, कोण ही शालू? ही गोष्टही आता तशीच केराच्या टोपलीत जाणार.

तिला गप्प पाहून दिनानाथने आपल्या परीने अर्थ लावला. गोष्ट नवऱ्याची असणार. मग ही नाव कशी घेईल?

"असं करा वहिनी," तो म्हणाला, "उखाण्यात घ्या. आम्ही ऐकतो."

बाकावर वर्तमानपत्रं वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या. कोणीतरी फिसकन हसलं. शालूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गोष्ट माझी आहे, एवढंच तर सांगायचं होतं. पण सुकट विकणाऱ्या बाईवर विश्वास कोण ठेवणार? क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे त्यांच्याच नावाने, छापून तर येईल. आणि असं वाटलं म्हणून तिला स्वतःचाच संताप आला.

तेवढ्यात होडीच्या नांगराचा नवा दोर खांद्यावर टाकून पंढरी, तिचा नवरा, दारात आला. बाजारातून परतताना तो तिला इथूनच घेऊन जाणार होता.

"या या. गोष्ट मोठी झकास लिहिलीत हो," दिनानाथ म्हणाला. "नाव सांगा, आजच्या टपालाने पाठवू."

पंढरीने कागदांकडे पाहिलं. मग शालूकडे.

"मला सहीपुरतंच येतं," तो म्हणाला. "गोष्ट हिची हाय. मी जालं विणतो नि ही वाचून दाखवते. हसताना माझ्या गाठी चुकतात."

"हिची म्हणजे कोणाची?"

आता पंढरी अडला. लग्न झाल्यापासून त्याने तिला 'अगो' म्हटलं होतं, 'पोरांची आई' म्हटलं होतं. बायकोचं नाव पुरुषानेही चारचौघांत घ्यायचं नसतं, अशीच त्याच्या घरची रीत. बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. खांद्यावरचा दोर त्याने उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"शालू," तो म्हणाला. मग कोणी ऐकलं नसेल असं वाटून जरा मोठ्याने, "शालू."

शालूला ते आपलंच नाव आहे हे पटायला वेळ लागला. माहेर सुटल्यापासून ते असं कोणी उच्चारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. एवढं चांगलं नाव आपल्याला आहे, हे ती जवळजवळ विसरून गेली होती.

दिनानाथने ते गोष्टीच्या माथ्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं. आता त्याला थट्टा सुचत नव्हती.

"मधलं नाव?" त्याने पंढरीकडे पाहत विचारलं.

पंढरी तोंड उघडणार, तोच शालू टेबलाशी आली. पदर तिने तोंडाशी नेला नाही, उखाणाही शोधला नाही.

"पंढरी," ती म्हणाली. "शालू पंढरी तांडेल, सातपाटी. लिवा."